तिसरी प्रणाली का तगली नाही?

२१ जुलै २०१७ रोजी, गिरगावच्या ठाकूरद्वार नाक्यावरून सहज पायी जाता येईल इतक्या अंतरावर असलेल्या मरीन लाइन्सच्या बिर्ला मातुश्री सभागारात रिलायन्स इंडस्ट्रीजच्या भागधारकांची वार्षिक सभा भरली होती आणि त्या सभेत मुकेश अंबानी यांनी जिओफोन या नव्या फोनची घोषणा केली. दीड हजार रुपये अनामत ठेवावी, तीन वर्षांनी फोन परत करून ती परत घ्यावी, आणि मधल्या काळात बटणांच्या त्या साध्या फोनवर इंटरनेट, गाणी व चित्रपट यांचा उपभोग घ्यावा, अशी ती योजना होती. वर्तमानपत्रांत किमतीची चर्चा झाली, भागधारकांत बोनस समभागांची झाली. परंतु पुढील इतिहासाच्या दृष्टीने त्या फोनमधील जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरावयाची होती, तिच्याकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले. त्या फोनच्या अंतर्भागी गूगलचे अँड्रॉइड नव्हते आणि ॲपलचे आयओएसही नव्हते. मोझिला या संस्थेने उभारलेल्या व पुढे सोडून दिलेल्या फायरफॉक्स ओएसमधून जन्मलेली कायओएस नावाची तिसरीच प्रणाली तेथे काम करीत होती. ही प्रणाली कोट्यवधी भारतीयांच्या हातांत गेली, २०१८ साली वापराच्या एका पाहणीत ॲपललाही मागे टाकून देशात दुसऱ्या स्थानावर आली, आणि तरीही दशक पुरे होण्याच्या आत निष्प्रभ झाली. असे का व्हावे, याचा विचार केल्यावाचून आपल्या हातातील यंत्रावर खरी सत्ता कोणाची, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

कार्यप्रणाली, म्हणजे ज्याला आपण ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो ती, सामान्य माणसाच्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. त्याला दिसते ती बँकेतील शिल्लक, लोकलचे तिकीट, नातवंडाचे छायाचित्र. परंतु कॅमेरा कोणत्या ॲपने केव्हा उघडावा, स्मृतीचा किती भाग कोणास द्यावा, बॅटरी कोणी किती खर्चावी, आलेला निरोप पडद्यावर कसा झळकावा, आणि आपला ठावठिकाणा कोणाला कळावा व कोणाला कळू नये, या सर्वांचा बंदोबस्त ही प्रणाली करीत असते. फोनची यंत्रसामग्री आणि तिच्यावर चालणारी ॲप्स यांचा संबंध तिच्याच मार्फत येतो. त्यामुळे जी कंपनी या प्रणालीची धनी, तीच कोणत्या ॲपला प्रवेश द्यावयाचा, कोणत्या शर्तींवर द्यावयाचा, त्याबद्दल शुल्क किती घ्यावयाचे आणि फोन विकत घेतल्यावर त्यात आधीपासून काय भरलेले असावे, हे ठरवू शकते. ग्राहकाने फोनचे पैसे मोजलेले असतात, पण फोनच्या आतला कायदा त्याने केलेला नसतो.

ग्रँट रोड स्थानकाबाहेर पडून लॅमिंग्टन रोडने, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाने, चालू लागले किंवा दादर स्थानकाच्या पश्चिमेला गर्दीतून वाट काढीत फोनची दुकाने पाहिली, तर ग्राहकाला निवडीचा केवढा अवकाश आहे असेच वाटेल. सॅमसंग, शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी, मोटोरोला अशी नावे, शेकडो नमुने, सात-आठ हजारांपासून लाखाच्या पुढे जाणाऱ्या किमती. परंतु या साऱ्या नावांच्या फोनांत प्रणाली एकच, अँड्रॉइड. आणि पलीकडे एकटा आयफोन, ज्याची प्रणाली ॲपल दुसऱ्या कोणत्याही उत्पादकाला देत नाही. जगातील वापराचा विचार केला तर सुमारे सत्तर टक्के वाटा अँड्रॉइडचा आणि उरलेला जवळजवळ सगळा ॲपलचा आहे. भारतात अँड्रॉइडचे प्रमाण पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास जाते. ग्राहकापुढे निदान दोन मार्ग आहेत, पण फोन तयार करून विकू इच्छिणाऱ्या उत्पादकापुढे व्यवहारात एकच मार्ग उरतो. बाजारात मालाचे वैविध्य दिसत असताना त्याच्या मुळाशी असलेली सत्ता एकवटत जावी, हे आपल्या काळातील मक्तेदारीचे विशेष लक्षण आहे.

ही स्थिती आरंभापासून नव्हती. २००७ च्या जानेवारीत आयफोन जगापुढे आला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गूगलच्या पुढाकाराने अँड्रॉइडसाठी ओपन हँडसेट अलायन्स हा उत्पादकांचा संघ स्थापन झाला, तेव्हा नोकियाचे सिंबियन, ब्लॅकबेरी, मायक्रोसॉफ्टचे विंडोज आणि पाम अशा कितीतरी प्रणाली नांदत होत्या, आणि आपल्याकडे नोकियाचा फोन घरोघर होता. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने सिंबियन बाजूस सारून मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी केली. एप्रिल २०१४ मध्ये तिचा फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टकडे गेला. आणि २०२० च्या जानेवारीपर्यंत मायक्रोसॉफ्टनेही आपल्या फोनप्रणालीचा आधार काढून घेतला. दरम्यान ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सने फायरफॉक्स ओएसचा फोन दोन हजारांहून कमी किमतीत भारतात आणला आणि जानेवारी २०१५ मध्ये सॅमसंगने टायझेन या स्वतःच्या प्रणालीचा झेड१ हा फोन ५,७०० रुपयांना भारताच्याच बाजारात प्रथम उतरविला. मायक्रोसॉफ्टजवळ द्रव्याची वाण नव्हती, सॅमसंगजवळ कारखान्यांची नव्हती, मोझिलाजवळ बुद्धीची नव्हती. तरीही तिघांनाही माघार घ्यावी लागली. तेव्हा या अपयशाचे कारण केवळ मालाच्या गुणदोषांत शोधून चालणार नाही.

पहिले कारण असे, की नव्या प्रणालीची अडचण नव्या वसविलेल्या बाजारपेठेसारखी असते: गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून दुकानदार गाळा घेत नाही, आणि दुकाने नाहीत म्हणून गिऱ्हाईक फिरकत नाही. एखाद्या बँकेने आपले ॲप तिसऱ्या प्रणालीसाठी करावयाचे म्हटले, तर ते नव्याने लिहिणे, त्याची सुरक्षिततेच्या दृष्टीने तपासणी करणे आणि दर काही महिन्यांनी त्यात सुधारणा करीत राहणे हा सारा खर्च शेकडा एक-दोन ग्राहकांसाठी तिला सोसावा लागतो. बँक तो सोसत नाही. मग ज्या फोनवर आपली बँक चालत नाही तो फोन ग्राहक घेत नाही, आणि ग्राहक घेत नाहीत म्हणून पुढच्या वर्षी दुसरी बँकही तिकडे वळत नाही. अर्थशास्त्रज्ञ यास नेटवर्क इफेक्ट म्हणतात. जे मोठे आहे ते मोठे असल्याच्याच बळावर अधिक मोठे होते, असा त्याचा आशय. आणि येथे कोणा एकाच्या दुष्ट हेतूची आवश्यकताही नसते.

जिओफोनच्या इतिहासात हे कारण स्पष्ट दिसते. फोन बाजारात आला तेव्हा त्यावर व्हॉट्सॲप नव्हते, आणि ज्या देशात लग्नाच्या निमंत्रणापासून सोसायटीच्या सभेच्या नोटिशीपर्यंत सर्व व्यवहार व्हॉट्सॲपवर होतात त्या देशात ही उणीव लहान नव्हती. सप्टेंबर २०१८ मध्ये ती भरून निघाली. त्याच वर्षी गूगलने कायओएस चालविणाऱ्या कंपनीत २ कोटी २० लाख डॉलर गुंतविले, आणि नकाशे, यूट्यूब व गूगलचा शोध या प्रणालीवर आला. दहा कोटींहून अधिक फोन दिले गेल्याचे रिलायन्सने सांगितले. परंतु जुलै २०२० मध्ये गूगलने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ३३,७३७ कोटी रुपयांची गुंतवणूक जाहीर केली आणि त्यासोबत उभयतांनी स्वस्त अँड्रॉइड फोन संयुक्तपणे तयार करण्याचेही ठरविले. त्यातून ४ नोव्हेंबर २०२१ च्या दिवाळीत जिओफोन नेक्स्ट विक्रीस आला. त्याच्या प्रणालीला प्रगती असे नाव होते आणि आत अँड्रॉइड होते. पुढे जून २०२४ मध्ये व्हॉट्सॲपने कायओएसवर नव्याने ॲप देणे थांबविले. अशा रीतीने जिला कोट्यवधी ग्राहक मिळाले होते, त्या तिसऱ्या प्रणालीचा आश्रयदाता पहिल्या प्रणालीकडे गेला आणि तिचे सर्वांत आवश्यक ॲपही तिला सोडून गेले. आपल्या शहरात ज्या प्रणालीला एवढा मोठा आश्रय मिळाला, तिचे भवितव्य अखेर परक्याच्या सोयीवर अवलंबून राहिले.

दुसरा प्रयोगही मुंबईचाच आहे आणि मराठी वाचकाला तो अधिक जवळचा वाटावा असा आहे. आयआयटी मुंबईतून शिकून बाहेर पडलेले राकेश देशमुख आणि त्यांचे सहकारी यांनी इंडस ओएस या नावाने भारतीय भाषांतील प्रणाली उभी केली. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरीची जोडाक्षरे तुटून पडत, आणि अँड्रॉइडच्या अधिकृत भाषांच्या यादीत मराठीचा समावेश झाला तो २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत. अशा काळात पडद्यावर बोट फिरविताच इंग्रजी निरोपाचे आपल्या भाषेत रूपांतर करून देणारी, आणि ज्याच्याजवळ ई-मेलचा पत्ता नाही अशा माणसालाही ॲप उतरवून घेता येईल अशी सोय करणारी ही प्रणाली २०१५ पासून मायक्रोमॅक्सच्या फोनांवर येऊ लागली. वर्षभरात एका बाजार-पाहणीने तिला भारतात अँड्रॉइडखालोखाल दुसरे स्थान दिले. तिचा पाया अँड्रॉइडच्याच मुक्त संहितेचा होता, तरी त्यावरची रचना भारतीय ग्राहकाच्या गरजा ओळखून केलेली होती. पुढे चिनी कंपन्यांच्या आगमनाने मायक्रोमॅक्सचा बाजार बसला आणि त्याबरोबर इंडसचा आधारही गेला. प्रणाली म्हणून जगणे अशक्य झाल्यावर ती ॲप्सचे भांडार म्हणून उरली. २०२२ मध्ये फोनपेने ती विकत घेतली, आणि २१ फेब्रुवारी २०२४ रोजी इंग्रजीसह बारा भारतीय भाषांत इंडस ॲपस्टोअर या नावाने ती पुन्हा लोकांपुढे आली. पण हे भांडार गूगलच्या प्ले स्टोअरमध्ये मिळत नाही. ते हवे असेल तर त्याच्या संकेतस्थळावर जाऊन, फोनने दिलेल्या धोक्याच्या सूचना ओलांडून, ते उतरवून घ्यावे लागते. लालबागच्या चाळीतील एखाद्या आजीबाईंकडून हे होईल अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे, आणि ज्या सामान्य माणसासाठी हा सारा खटाटोप होता तो नेमका त्या सूचनांपाशी थबकतो.

येथे दुसऱ्या कारणाकडे यावे लागते, आणि ते करारनाम्यांचे आहे. अँड्रॉइडची मूळ संहिता कोणासही विनामूल्य घेता येते, ही गोष्ट खरी आहे आणि गूगलच्या श्रेयाची आहे. परंतु आपण ज्यास अँड्रॉइड म्हणून ओळखतो त्यातील प्ले स्टोअर, नकाशे, यूट्यूब, जीमेल आणि या सर्वांना पडद्यामागून आधार देणाऱ्या प्ले सर्व्हिसेस ही गूगलची खासगी मालमत्ता असून ती करारानेच मिळते. प्ले स्टोअर हवे असेल तर गूगलच्या ॲप्सचा संपूर्ण संच फोनमध्ये आधीच भरून द्यावा, अशी एका कराराची अट. आणि जो उत्पादक हा संच घेईल त्याने अँड्रॉइडची फेरफार केलेली आवृत्ती आपल्या कोणत्याही यंत्रात वापरू नये, अशी दुसऱ्याची. सप्टेंबर २०१२ मध्ये चीनमध्ये एसर या कंपनीने अलीबाबाच्या अलियुन प्रणालीचा फोन दाखविण्यासाठी समारंभ योजिला होता, तो ऐन वेळी रद्द झाला. गूगलच्या दडपणामुळे तो रद्द झाला असे अलीबाबाने जाहीर केले. अलियुन ही अँड्रॉइडची विसंगत आवृत्ती आहे आणि अलायन्सच्या सभासदांनी अशा आवृत्त्या न करण्याचे वचन दिलेले आहे, असे गूगलचे म्हणणे होते. एका फोनसाठी आपल्या बाकीच्या साऱ्या फोनांवरील प्ले स्टोअर पणाला लावण्याचे धाडस कोणत्या उत्पादकाने करावे?

भारतीय स्पर्धा आयोगापुढे हाच प्रश्न आला. काही तरुण अँड्रॉइड-वापरकर्त्यांनी २०१८ मध्ये फिर्याद दिली, एप्रिल २०१९ मध्ये चौकशीचा हुकूम झाला आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने निकाल दिला. दुसऱ्या उत्पादकांना देता येण्याजोग्या फोनप्रणालींच्या बाजारात गूगलचे वर्चस्व आहे आणि त्या वर्चस्वाचा तिने गैरवापर केला, असा निष्कर्ष काढून आयोगाने १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ॲपल ही खरी प्रतिस्पर्धी आहे हा बचाव आयोगाने मान्य केला नाही, कारण ॲपलची प्रणाली कोणा उत्पादकाला मिळतच नाही. पाच दिवसांनी, ॲप्समधून होणाऱ्या विक्रीच्या वसुलीसंबंधी ९३६.४४ कोटींचा दुसरा दंड झाला. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने १९ जानेवारी २०२३ रोजी अंतरिम दिलासा नाकारल्यावर आठवड्याच्या आत गूगलने जाहीर केले, की भारतात उत्पादकांना आपली ॲप्स सुटी सुटी घेता येतील आणि ग्राहकाला शोधाचे साधन निवडता येईल.

परंतु निकालाचा सारा भाग टिकला नाही. २९ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेविला, तरी आयोगाच्या दहा आज्ञांपैकी चार रद्द केल्या. आणि प्ले स्टोअरमध्ये दुसऱ्यांच्या भांडारांना जागा द्यावी, तसेच आधीपासून भरलेली ॲप्स काढून टाकण्याची मुभा असावी, या आज्ञा त्या चारांत होत्या. इंडस ॲपस्टोअरची वाट आजही बिकट आहे तिचे एक कारण येथे सापडते. दुसरा दंडही २८ मार्च २०२५ रोजी २१६.६९ कोटींवर आला. युरोपीय आयोगाने याच स्वरूपाच्या करारांबद्दल जुलै २०१८ मध्ये ४३४ कोटी युरोंचा दंड केला होता. दंडाने काम भागत नाही हे ओळखून युरोपने पुढे बड्या कंपन्यांवर आगाऊ बंधने घालणारा कायदाच केला आणि तो मार्च २०२४ पासून त्यांना लागू झाला. आपल्याकडे अशा कायद्याचा मसुदा २०२४ च्या मार्चमध्ये, त्यासाठी नेमलेल्या समितीच्या अहवालासह, प्रसिद्ध झाला.

गूगलच्या बाजूचे म्हणणे न्यायबुद्धीने ऐकून घेतले पाहिजे. प्रणाली विनामूल्य मिळाली म्हणूनच पाच-सात हजारांत फोन येऊ शकला आणि इंटरनेट गरिबाच्या हाती पोहोचले, हे नाकारता येणार नाही. प्रत्येक उत्पादकाने आपापल्या तऱ्हेने प्रणालीत फेरफार केले असते तर एका फोनवर चालणारे ॲप दुसऱ्यावर चालले नसते, हेही खरे; आणि जेथून तेथून ॲप्स उतरवू दिली तर फसवणुकीला ऊत येईल, ही भीती तर ज्यांच्या वृद्ध नातेवाइकांची खाती बनावट ॲपने रिकामी झाली आहेत त्यांना पुरेपूर पटेल. परंतु सुरक्षिततेची व्यवस्था आणि एकाच्याच हाती राहणारी व्यवस्था या भिन्न गोष्टी आहेत. तपासनीस असावा हे मान्य केले, तरी जो तपासनीस आहे तोच दुकानदारही असावा, आणि प्रतिस्पर्ध्याच्या मालाला धोक्याची चिठ्ठी लावण्याचा अधिकारही त्याच्याकडेच असावा, हे त्यातून निष्पन्न होत नाही.

या अधिकाराचा अनुभव मुंबईने १ मार्च २०२४ रोजी घेतला. शुल्काच्या वादावरून गूगलने त्या दिवशी काही भारतीय कंपन्यांची ॲप्स प्ले स्टोअरवरून काढून टाकली, आणि त्यांत मुंबईच्या शादी डॉट कॉमचाही समावेश होता. आपल्या सेवांचे शुल्क मागण्याचा आपणास हक्क आहे आणि बहुसंख्य कंपन्या ते देतात, असे गूगलचे म्हणणे होते. केंद्र सरकारने मध्यस्थी केल्यावर काही दिवसांत ॲप्स परत आली. वादात कोणाचे किती बरोबर, हा कायद्याचा प्रश्न आहे. पण वर्षानुवर्षे चाललेला धंदा एका सकाळी ग्राहकांच्या दृष्टीआड होऊ शकतो आणि त्यावर उपाय म्हणून मंत्र्यांनाच मध्ये पडावे लागते, ही स्थिती ज्या देशाला उद्योजकतेचा अभिमान आहे त्याला शोभणारी नाही.

मुंबईला मक्तेदारीचा प्रश्न नवा नाही. ९ मे १८७४ रोजी या शहरात घोड्यांची ट्राम सुरू झाली. ७ ऑगस्ट १९०५ च्या करारनाम्याने ट्राम आणि वीज यांचा मक्ता बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीला मिळाला, आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली. एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांनी दोन रूळ टाकणे हे द्रव्याचा अपव्यय करण्यासारखे होते, म्हणून मक्ता देणे भाग होते. पण रस्ता जनतेचा होता, आणि म्हणून मक्ता देताना मुदतीअंती तो सारा व्यवहार विकत घेण्याचा हक्क महापालिकेने राखून ठेविला होता. तो हक्क बजावून ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना, महापालिकेने ट्राम, बस आणि वीज ताब्यात घेतली, आणि आपली बेस्ट जन्मास आली. त्या काळच्या कारभाऱ्यांना जे कळले ते हे, की काही क्षेत्रांत मक्ता अटळ असला तरी तो शर्तींविना देऊ नये. फोनच्या प्रणालीचा मक्ता मात्र कोणत्याही सनदेवाचून, कोणत्याही सभागृहात चर्चा न होता उभा राहिला. अमेरिकेतील कंपनीची प्रणाली महापालिकेने विकत घ्यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु जनतेच्या व्यवहाराचा रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याने जनतेला उत्तरदायी असावे, हे तत्त्व त्या ट्रामइतकेच आजही लागू आहे.

आता तिसऱ्या कारणाकडे वळू, कारण ते आपल्या हातातील आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. या दोन प्रणालींची मक्तेदारी दृढ करण्यात आपल्या सार्वजनिक संस्थांचाही वाटा आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई वन या ॲपचे उद्घाटन झाले आणि मुंबई महानगरातील अकरा वाहतूक संस्थांची तिकिटे एका ठिकाणी मिळू लागली. प्रवाशांची ही मोठीच सोय झाली. पण ती ज्या फोनांवर चालते ते पुन्हा याच दोन प्रणालींचे. बँकांची गोष्ट याहून पुढची आहे. अनेक बँकांची ॲप्स फोनवरची प्रणाली गूगलने प्रमाणित केली आहे की नाही हे गूगललाच विचारतात आणि नकार आला तर उघडत नाहीत. जुन्या फोनवर लिनिएजओएससारखी मुक्त प्रणाली बसवून तो आणखी काही वर्षे वापरू पाहणारा विद्यार्थी, किंवा आयआयटी मद्रासच्या आश्रयाखाली तयार झालेल्या भारओएससारखा स्वदेशी प्रयोग, या दोघांनाही हीच भिंत आडवी येते. ही भिंत गूगलने दिलेल्या साधनांनी बांधलेली असली, तरी ती बांधवून घेणारी बँक आपली आहे.

याच्या उलट दिशेचे उदाहरणही मुंबईतच आहे. फोर्टमधील मिंट रोडवर जिचे मुख्य कार्यालय आहे त्या रिझर्व्ह बँकेने ८ मार्च २०२२ रोजी यूपीआय १२३पे ही सोय सुरू केली, आणि जो फोन स्मार्ट नाही, ज्यावर कोणतेही भांडार नाही, त्यावरूनही साध्या कॉलने पैसे देता येऊ लागले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयची रचनाच अशी, की एका कंपनीच्या ॲपवरून दुसऱ्या कंपनीच्या ॲपवर पैसे बिनदिक्कत जातात, कारण मधला नियम कोणा एका दुकानदाराचा नाही. येथेही फोनपे आणि गूगल पे या दोघांकडेच बहुसंख्य व्यवहार एकवटले आहेत, आणि कोणा एकाचा वाटा तीस टक्क्यांहून अधिक नसावा हा २०२० चा नियम अमलात आणण्याची मुदत वाढवावी लागली आहे. तेव्हा खुला नियम केला की स्पर्धा आपोआप येते असे नाही. तथापि यूपीआयचा ग्राहक एक ॲप सोडून दुसऱ्याकडे गेला तर त्याचे खाते बुडत नाही आणि त्याचा वाणीही त्याला दुरावत नाही. फोनची प्रणाली बदलणाऱ्याला आज एवढे स्वातंत्र्य नाही.

असेच आणखी एक उदाहरण आहे. म्हाडा या गृहनिर्माण प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये घरांसाठी पात्रता ठरविण्याकरिता गिरणी कामगारांकडून कागदपत्रे मागविली, तेव्हा मोबाईल ॲपबरोबर कागदपत्रे प्रत्यक्ष स्वीकारण्याचीही व्यवस्था ठेविली होती. परळ-लालबागच्या ज्या कामगाराने १९८२ चा संप भोगला, त्याच्या हक्काचे घर त्याच्या फोनमधील प्रणालीवर अवलंबून राहू नये, ही साधी न्यायबुद्धी त्या व्यवस्थेत होती. हीच न्यायबुद्धी नियम म्हणून सर्वत्र लागू झाली पाहिजे. जी सेवा जनतेच्या पैशाने वा जनतेच्या परवान्याने चालते, मग ती लोकल असो, बेस्ट असो, केईएमसारखे रुग्णालय असो की बँक असो, तिने ॲपबरोबरच कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडणारे पूर्ण संकेतस्थळ ठेवावे, साध्या फोनचा मार्ग ठेवावा आणि खिडकीवरचा माणूसही ठेवावा. सुरक्षिततेची परीक्षा घ्यावयाची असेल तर ती रिझर्व्ह बँकेने ठरविलेल्या खुल्या निकषांवर घ्यावी. प्रतिस्पर्धी कंपनीच्या प्रमाणपत्रावर ती सोडू नये. आणि स्पर्धा आयोगाच्या आज्ञांतून जे निसटले ते नव्या कायद्यात स्पष्ट शब्दांनी घालावे: दुसऱ्यांच्या भांडारांना समान वागणूक, आधीपासून भरलेली ॲप्स काढण्याचा ग्राहकाचा हक्क, आणि प्रणालीत फेरफार करणाऱ्या उत्पादकाला बहिष्कारापासून संरक्षण.

या मागण्या तंत्रज्ञांच्या नव्हेत, नागरिकांच्या आहेत, आणि त्या बेस्ट समितीपुढे, रेल्वेच्या प्रवासी संघटनांत, बँकेच्या शाखेत आणि आपल्या आमदार-खासदारांकडे कोणालाही मांडता येतील. उद्याच एखादी तिसरी प्रणाली या दोघींच्या बरोबरीने उभी राहील, असे मानण्याचे कारण दिसत नाही. पण राकेश देशमुखांसारखे तरुण आयआयटीच्या पवईतील वर्गांतून पुढेही बाहेर पडतील आणि मराठी माणसाची भाषा व त्याची ऐपत ओळखून ते काही नवे बांधू पाहतील. त्यांचा माल लोकांना आवडला नाही तर तो पडावा. परंतु तो हातात घेणाऱ्या दादरच्या शिक्षिकेला त्यावरून पगाराचे खाते पाहता यावे, परळच्या रुग्णालयात पाळी लावता यावी आणि घरी जाण्याचे तिकीट काढता यावे, इतकी समान भूमी निर्माण करणे हे आपल्या संस्थांचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी कोणत्याही परदेशी कंपनीच्या अनुमतीची त्यांना गरज नाही.